आम्ही तर शाकाहारी!

मेंदूत कृमी शिरतो असे सांगितले की आपल्या घरांतून एकच उत्तर येते: ते मांसाहारी लोकांचे दुखणे, आपला त्याच्याशी काय संबंध? माझ्या चुलतभावाच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली आणि डॉक्टरांनी ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ असे निदान केले. वहिनींना ते पटेना. ज्या घरात कांदा-लसूणही येत नाही, तेथे डुकराच्या मांसातला कृमी कसा येईल?

प्रश्न रास्त होता. बँकेत एक सवय लागली होती: हिशेब जुळत नसेल तर शिल्लकेकडे पाहत बसू नये, नोंद कोठून आली ते शोधावे. त्याच सवयीने डॉक्टरांना विचारले, वाचनही केले. दूषित डुकराचे अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मांसाहाराशी नाते एवढेच. त्याच्या विष्ठेतून कृमीची हजारो अंडी बाहेर पडतात, आणि मेंदूतली गाठ होते ती ही अंडी पोटात गेल्याने. मग ती सांडपाण्यावर पिकलेल्या कोथिंबिरीवरून जावोत, पाण्यातून जावोत वा शौचानंतर न धुतलेल्या हातांवरून. न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू कुटुंबांत डुकराचे मांस पूर्ण निषिद्ध. तरी तेथे हा आजार आढळल्याचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे अशा एकेरी गाठी पूर्वी क्षयाच्या समजून त्यावर औषधे दिली जात. त्यांपैकी बहुतेक कृमीच्या असतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

कृमीची पुटी मेंदूत वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकते, याचेच मला अधिक नवल वाटले. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूचा खर्च सुमारे २० टक्के. या खर्चातून काही दाहक रेणू निर्माण होतात. शरीराच्या संरक्षक पेशी तर तेच रेणू शस्त्र म्हणून शत्रूवर सोडतात. जिवंत कृमी आपल्या विकरांनी त्यांना निकामी करीत राहतो. तो म्हातारा झाला किंवा औषधाने मरू लागला की पुटी झिरपते, संरक्षक पेशी धावून येतात आणि त्या माऱ्यात आपल्याच चेतापेशी होरपळतात. यालाच ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. सूज येते, आकडी येते. म्हणजे उपद्रव बराचसा मरणाऱ्या कृमीचा! म्हणूनच शाळेत जंतांसाठी देतात तीच अल्बेंडाझोलची गोळी अशा रुग्णाने मनाने घेऊ नये. डॉक्टर सोबत सूज आवरणारे स्टेरॉइड आणि आकडीचे औषध देतात.

नातवाची गाठ काही महिन्यांत विरली. घरच्यांनी मात्र ही गोष्ट सोयरिकीच्या भीतीने दडवली, ते मला रुचले नाही. हा आजार आनुवंशिक नाही. त्यात लपविण्यासारखे काय?

मधल्या काळात पोळ्या करणाऱ्या बाईंना काढून टाकण्याचीही भाषा झाली. मी म्हटले, तपासणी करायची तर सगळ्यांचीच करू. झाली, कोणातही काही निघाले नाही. अंडे कोठून आले ते आजही ठाऊक नाही. आणि निघाले असते, तरी औषधाने तो माणूस बरा होतो. बिचाऱ्याला आपल्या पोटात कृमी आहे याची कल्पनाही नसते.

आपण पाणी गाळतो, पण एवढे सूक्ष्म अंडे कापडाने अडेलच असे नाही. उकळल्याने मात्र ते मरते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्यांचा एक धोका आपसूक टळतो. इतर आठ महिने गंगेवरच्या बाजारातून आणलेली कोथिंबीर आपण शिजलेल्या भाजीवर कच्चीच भुरभुरतो, तेव्हा ती वाहत्या पाण्याखाली काडीकाडी सुटी करून धुवावी लागते. वहिनी आता तसे करतात. भावाने दुकानामागे नोकरांसाठी नळ आणि साबण ठेवला आहे. इतकी वर्षे तेथे नुसती बादली होती.