मीठ घातलं होतं का?

मी 'एडा' या भाषेत प्रोग्रॅम लिहितो असं म्हटलं की आमच्या नातेवाइकांत हमखास "येडा?" असा प्रतिप्रश्न येतो. मामा तर हा विनोद गेली कित्येक वर्षं न कंटाळता करतोय. मामा, तूही हे वाचणार आहेस, म्हणून आधीच सांगून टाकतो. एडा लव्हलेस ही बाई १८१५ साली जन्मली. चार्ल्स बॅबेजच्या कधीच पुऱ्या न झालेल्या यंत्रासाठी तिनं आकडेमोडीची कृती लिहून ठेवली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं स्वतःसाठी एक भाषा करवून घेतली, तिला हिचं नाव दिलं, आणि १९८० साली त्या भाषेचं जे मानक निघालं त्याचा क्रमांकसुद्धा मुद्दाम १८१५ ठेवला. विमानं, रेल्वेचे सिग्नल अशा, चुकलं तर माणसं दगावतील अशा ठिकाणी ही भाषा वापरतात. आता हसून घे :)

तर मंडळी, आज लिहायचंय ते या भाषेतल्या 'एक्सेप्शन'बद्दल, म्हणजे अपवादाबद्दल. दहा खणांची फडताळ आहे आणि प्रोग्रॅमनं अकरावा खण उघडायला सांगितला, तर एडा ते स्वतःहून पकडते. चालू काम तिथंच सुटतं आणि ताबा त्या तुकड्याच्या शेवटी लिहिलेल्या हँडलरकडे जातो. त्यानं निस्तरायचं. सुटलेलं काम जिथं सुटलं तिथून पुन्हा सुरू होत नाही.

स्वयंपाकघरात हे रोज घडतं. आमटीला उकळी आलीय, तेवढ्यात आईला कुणीतरी तातडीनं बाहेर बोलावलं. जाताना ती म्हणाली, "जरा बघ रे." आपण ओट्यापाशी उभे. मीठ घातलं होतं का? ओट्यावर तिच्या यादीत 'मीठ' या शब्दापुढे खूण आहे. पण ती आधी खूण करते आणि मग मीठ घालते, की उलट? की चार पदार्थ टाकून झाल्यावर एकदमच खुणा करते? हँडलरची अवस्था नेमकी ही असते.

आमच्या ऑफिसात परवा यावरून तासभर वाद झाला. आम्ही एका सिरिंज पंपाचं काम करतोय. हा पंप पेशंटला अगदी हळूहळू, तासाला काही मिलिलीटर, असं औषध देतो. (बाबा आयसीयूत होते तेव्हा त्यांच्या उशाशी असाच एक होता. मी रात्रभर त्याच्या आकड्याकडे बघत बसायचो.) आमच्यातल्या तरुण सहकाऱ्यानं हँडलर लिहिला होता : काही बिघडलं की पंप थांबवायचा आणि 'आतापर्यंत इतकं औषध गेलं' हा व्हेरिएबलमधला आकडा पडद्यावर दाखवायचा.

मी म्हटलं, तो आकडा खरा कशावरून?

तो म्हणाला, "सर, बाराव्या ओळीत मी आकडा वाढवतो, चूक होते चौदाव्या ओळीत. मग हँडलरला वाढलेलाच आकडा दिसणार ना!"

कागदावर वाचलं तर बरोबर. पण यंत्र कागद वाचत नाही, कंपायलरनं जे करून दिलं ते चालवतं. एडाच्या मानकात ११.६ क्रमांकाचं एक कलम आहे, अपवाद आणि ऑप्टिमायझेशन यांच्याबद्दलचं. भाषेनं स्वतः केलेली तपासणी फसली, तर अपवाद नेमका त्याच जागी उठलाय असं दिसलं पाहिजे, ही सक्ती तिथं कंपायलरवर नाही. तो त्या तुकड्यात कुठंतरी उठला, कदाचित आधीच उठला, इतकंच दिसलं तरी चालतं. म्हणजे तपासणी वर सरकवा, आकडा रजिस्टरमध्ये ठेवून मेमरीत सावकाश लिहा, सगळं माफ. शिवाय अर्धवट राहिलेल्या असाइनमेंटमुळे व्हेरिएबल 'ॲबनॉर्मल' होऊ शकतं, आणि मग ते वापरलंत तर पुढे काय होईल याची हमी भाषा देत नाही.

"ही तर फसवणूक झाली!" इति सहकारी. मला तसं वाटत नाही. वेगासाठी घेतलेली ही सूट आहे आणि ती छापून सांगितलेली आहे. तुम्ही स्वतः 'रेज' लिहून अपवाद उठवलात तर ती लागूही होत नाही.

मला जास्त धोकादायक वाटतात ते पॅरामीटर. साधा आकडा सबप्रोग्रॅमला दिला की त्याची झेरॉक्स जाते. काम नीट संपलं तर झेरॉक्सवरची दुरुस्ती मूळ कागदावर उतरते. अपवाद उठला तर झेरॉक्स केराच्या टोपलीत, मूळ कागद जुनाच. पण साधा ॲरे किंवा रेकॉर्ड दिला तर झेरॉक्स द्यायची की मूळ कागद, हे बहुतेक वेळा कंपायलर ठरवतो. मूळ दिला असेल तर त्यावर अर्धी खाडाखोड झालेली असणार. शेजारी शेजारी लिहिलेले दोन पॅरामीटर, एक जसाच्या तसा, दुसरा अर्धा बदललेला. हँडलरनं कुणावर भरवसा ठेवायचा?

एक गोष्ट मात्र भाषेनं फार शहाणपणानं केलीय. व्हेरिएबल जाहीर करतानाच अपवाद उठला, तर तो त्याच तुकड्याच्या हँडलरकडे जातच नाही, थेट बाहेरच्याकडे जातो. नाहीतर फडताळातून काढलेलीच नाहीत ती भांडी हा ढवळायला गेला असता.

वाद फारच चढला तेव्हा मी एरियान ५ ची आठवण काढली. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातून ते रॉकेट पहिल्यांदाच उडालं. जमीन सोडल्यावर सुमारे ३० सेकंदांनी दिशादर्शक यंत्रातल्या एडा प्रोग्रॅमनं ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबायला घेतली, ती मावली नाही, अपवाद उठला. जोडीचं राखीव यंत्र त्याच कारणानं क्षणभर आधीच बंद पडलेलं. ठरल्याप्रमाणे यंत्रानं बिघाडाची नोंद मेमरीत लिहिली आणि स्वतःला बंद केलं. घोळ पुढचा. त्यानं पाठवलेला निदानाचा मजकूर मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि इंजिनांची तोंडं पूर्ण वळवली. रॉकेट मोडलं, त्यातले क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले. धोक्याच्या सात व्हेरिएबलपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं. हे उदाहरण ११.६ चं नाही, पण अपवादानंतर हाती लागलं ते खरं मानून पुढे जाण्याचं नक्कीच आहे. गंमत म्हणजे ती मेमरी नंतर अवशेषांत सापडली, वाचता आली, आणि चौकशी समितीला तिचा उपयोग झाला.

यावर सहकारी गप्प झाला नाही, हे त्याचं मला आवडलं. म्हणाला, "मग दाखवायचं तरी काय? नर्सला काहीच न सांगणं बरं का?"

बिनतोड प्रश्न. अर्धा दिवस त्यातच गेला. आता हँडलर कुठलाही जुना आकडा आठवत बसत नाही. तो मोटर थांबवतो आणि दट्ट्या कुठं आहे ते सेन्सरकडून नव्यानं वाचतो. सेन्सरचं ते व्हेरिएबल 'व्होलाटाइल' जाहीर केलंय, म्हणजे त्याचं प्रत्येक वाचन बाहेरच्या जगाशी झालेला व्यवहार ठरतं. आलेला आकडा 'व्हॅलिड' आहे का हेही तो विचारतो. ही सोय १९९५ च्या आवृत्तीत आली. उत्तर नकारार्थी आलं तर आकडाच दाखवायचा नाही. पडद्यावर एवढंच : पंप थांबला आहे, शेवटची खात्रीची नोंद अमुक वाजताची, सिरिंजवरची रेघ पाहा.

'सिरिंजवरची रेघ पाहा' हे शब्द त्यानं सुचवले.