खाड्यांचा हिशेब

सातारा ते सांगली हा रेल्वेचा प्रवास आम्हांस नवा नाही. परंतु गेल्या माघातील प्रवासाने एक प्रश्न मनास लावून दिला, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

समोर बसलेल्या सद्गृहस्थांपाशी निरनिराळ्या देशांतील कामगारांच्या खाड्यांचे कोष्टक होते. जर्मनीच्या नावापुढील मोठा आकडा पाहून ते उद्गारले, "जर्मन माणूसही आळसावला म्हणायचा!" आम्हांस हे पटेना. जर्मनीत 1969 च्या कायद्यापासून आजारी कामगारास सहा आठवडे पूर्ण वेतन मालकच देतो. तेथे ताप आलेला मनुष्य घरी निजतो आणि त्याचा खाडा बिनचूक मांडला जातो. तो आकडा आळसाचा म्हणावा, की विसाव्याचा?

कऱ्हाड मागे पडले, किर्लोस्करवाडी आली. 1910 साली औंध संस्थानातील उजाड माळावर लक्ष्मणरावांनी वसविलेले हे गाव. कारखान्यांतील कामगारांस 1948 च्या कायद्याने भरपगारी रजेचा हक्क दिला. राज्य विमा योजनेत आजारी विमेदारास वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. फाटकाच्या आत खाड्याची नोंद आहे आणि त्यास आधारही आहे.

खिडकीबाहेर मात्र उसाची तोडणी चालू होती. बीडसारख्या दुष्काळी मुलखातून जोडपी या बागायतीत येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. हंगामापूर्वी घेतलेली उचल टनाच्या दराने फेडावयाची. तोड नाही त्या दिवशी मजुरी नाही. कित्येक मुकादम वर खाड्याचा दंडही कापून घेतात. म्हणून अंगात ताप असला तरी बाई फडात उभी राहते. हिचे खाडे मोजले तर कदाचित जर्मनांहून थोडे भरतील. पण त्यास शिस्त कोणी म्हणावे?

सांगलीस गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही घरी परतलो. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर भांडी घासण्यास येणाऱ्या बाईंच्या खाड्यांच्या फुल्या होत्या. महिनाअखेर त्यांचे पैसे कापण्याचा आमचा रिवाज. या महिन्यात एकही फुली नव्हती. पूर्वी आम्हांस याचे कौतुक वाटले असते. या खेपेस आम्ही विचारले, तेव्हा कळले की चार दिवस त्या खोकत, कण्हत कामावर येत होत्या.

घरच्या मंडळींनी एकमताने ठरविले आहे की, यापुढे महिन्यास दोन खाडे भरपगारी आणि आजारपणाचे निराळे. फुल्या वाढतील, तर वाढोत.