बोटाला न लागणारं ब्रेल

ब्रेलचं नुसतं चित्र छापून त्याला कुणी ब्रेल म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी जन्मांध, अंधशाळेत शिकलेली, आता इथे विद्यापीठात एम.ए.ला आहे. नव्या पाट्या लागल्या तेव्हा मैत्रीण हौसेने परीक्षा विभागाच्या दाराशी घेऊन गेली. "बघ, तुमची लिपी पण आहे!" मी बोटं फिरवली. पाटी गार, गुळगुळीत. टिंबं तिला दिसत होती, मला एकही लागलं नाही. विद्यापीठाचं बोधचिन्ह मात्र चांगलं उठावाचं होतं.

कार्यालयात गेले. साहेब आवाजाने भले वाटले. "मॅडम, टेंडरमध्ये ब्रेलसह पाटी म्हटलं होतं, तशी आली. फोटो फाइलला आहेत." मी विचारलं, "बिल काढण्याआधी कुणी हात लावून पाहिला?" ते म्हणाले, "हात कशाला लावायचा?" हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पाटी काढली कुणी, छापली कुणी, तपासली कुणी. इतक्या हातांतून ती गेली आणि एकालाही आमच्यातलं कुणी बोलवावंसं वाटलं नाही. विद्यापीठात आम्ही काय कमी आहोत?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायच्या होत्या. नियम निघाले 2017 मध्ये. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. पण निकष कितीही सक्तीचे केले, तरी तपासणी फोटोवरच होणार असेल तर काय? शिवाय पाटी दारावर नको, कडीच्या बाजूच्या भिंतीवर, हाताच्या उंचीला हवी. वाचत असताना दार आतून उघडलं तर तोंडावर आदळतं.

खरं सांगायचं तर मी पाट्यांवर फिरत नाही. काठी, फोन आणि विचारणं यावर माझं भागतं. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना तर ब्रेल येतही नाही. आमच्यातल्या एकाला थोडं दिसतं. त्याला चकचकीत स्टीलवरची अक्षरं वाचता येत नाहीत, मोठी ठळक अक्षरं आणि गडद पार्श्वभूमी हवी. कधी वाटतं, आधी त्याचंच काम व्हावं.

पण स्वच्छतागृहाच्या दोन दारांपुढे उभी राहते तेव्हा मला कुणालाही विचारायचं नसतं. एकदा चुकीचं दार ढकललं होतं. आतून पुरुषांचे आवाज आले. म्हणून कार्यालयाला दिलेल्या अर्जात लिहिलं आहे, बाकीच्या पाट्या सावकाश बदला, या दोन आधी. आणि लावण्यापूर्वी मला बोलवा.