कागदावरचा संघ

लिलाव संपला की साताऱ्याच्या होस्टेलवर आम्ही मैत्रिणी वहीत संघ उतरवतो आणि प्रत्येकाला गुण देतो. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनासाठी बंगळूरने १२ कोटींतले ३ कोटी ४० लाख मोजले. जोडीला पेरी, डिव्हाइन, रिचा, रेणुका. कागदावर किती देखणा संघ! पहिले पाचही सामने तो हरला. २०२४ मध्ये मुख्य मोहरे तेच, कर्णधारही तीच, आणि विजेतेपद!

सांगलीच्या सौद्यात आमच्या हळदीचा दर एकदा ठरला की ठरला. माणसाचे मात्र तसे नसते. बोली संपल्यावरच त्याची खरी पारख सुरू होते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पहिल्या पाच सामन्यांवरून माझे गुण कोणी मांडू नयेत!