दादरचा स्पीकर

छपराखालच्या लोखंडी तुळईला तो तोंड खाली करून टांगलेला असतो. आवाज बसका, थोडा नाकातला. स्वर त्याला बरे जमतात. स, श, त यांसारखी बारीक व्यंजनं मात्र गळ्यातून बाहेर पडेपर्यंत झिजतात. शेजारच्या रुळावरून जलद लोकल धडधडत गेली की त्याच्या वाक्याचा मधला तुकडा तिच्याबरोबर निघून जातो. तो थांबत नाही. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, असं ठरलेलं सगळं बोलून मोकळा होतो.

रोजची माणसं मात्र त्याला अचूक समजून घेतात. ऐन संध्याकाळी तो म्हणतो, ‘बारा डब्यांची जलद लोकल’, मग नुसती खरखर, एक ‘क’ आणि पुन्हा खरखर. तेवढ्यावर फलाटावरचा एक जथा पुढे सरकतो, बॅगा पाठीवरून छातीवर येतात. त्यांना विचारा, काय म्हणाला? ‘कर्जत फास्ट.’ अंदाज केला असं कुणी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच ‘कर्जत’ ऐकू आलेलं असतं. घड्याळातली वेळ, आधी कोणती गाडी गेली, शेजारी रोज दिसणारे चेहरे, हे सगळं मनात जमलेलं होतं. स्पीकरने एक अक्षर दिलं, उरलेलं नाव त्या माहितीने उच्चारलं.

रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 साली हेच प्रयोगशाळेत दाखवलं. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी त्याने कापून काढला आणि त्या जागी खोकला भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला होता हेही त्यांना धड सांगता येईना. त्या जागी नुसती शांतता ठेवली, तेव्हा मात्र खिंडार लगेच कळलं. म्हणजे गोंगाटाआड काहीतरी असणार, एवढी सबब मनाला पुरते. दादरला अशा सबबींची कधीच वाण नसते. त्याआधी 1951 मध्ये जॉर्ज मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती: कोणते शब्द येऊ शकतात हे आधी माहीत असेल आणि ते मोजकेच असतील, तर दाट गोंगाटातही ते ओळखू येतात. रोजच्या प्रवाशाच्या डोक्यात मोजकीच गावं असतात. नवख्याच्या डोक्यात अख्खा नकाशा मोकळा पडलेला असतो.

मला या स्पीकरची काळजी वाटते ती इथे. कर्जत आणि कसारा, दोन्ही ‘क’ने सुरू होतात आणि कल्याणला दोघांच्या वाटा फुटतात. अंबरनाथ आणि आसनगाव यांचंही तसंच. कसाऱ्याला निघालेला माणूस चुकीच्या गाडीत चढला, तर कल्याणनंतर शहाडऐवजी विठ्ठलवाडी येते, तेव्हा त्याला कळतं. ज्याला या आवाजाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत कमी समजतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

जुनी माहिती जाणत्यांनाही फसवते. डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक सलग झाले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. कानात जुना आकडा पक्का बसलेला असला की नवा कितीही स्पष्ट सांगितला तरी मन तो आधी जुन्याशी ताडून पाहतं.

स्पीकरचा आवाज सुधारायला हवाच. पण त्याहून सोपं एक काम आहे: त्याच्या वाक्यात एक नाव वाढवावं. ‘कर्जत, बदलापूरमार्गे.’ ‘कसारा, टिटवाळामार्गे.’ एक नाव गाडीच्या धडधडीत बुडालं तरी दुसरं हाताशी राहील. सध्या ते जास्तीचं नाव माणसं पुरवतात. हातात पिशव्या, कडेवर मूल घेतलेली बाई वर स्पीकरकडे बघते, मग शेजारणीला विचारते, ‘कसारा का?’ तीन-चार जणी एकदमच सांगतात, ‘नाही हो ताई, ही कर्जत. बदलापूरकडे जाते. कसारा हिच्या मागून येतेय, इथेच थांबा.’