तारिफाचे दोन वारे

स्पेन देशाच्या दक्षिण टोंकास तारिफा नांवाचें एक लहानसें पांढरें गांव आहे. युरोपखंडाची मुख्य भूमि येथेंच संपते. समोर सुमारें चौदा किलोमीटरांवर आफ्रिकेचे डोंगर दिसतात. इ. स. 710 मध्यें तारीफ इब्न मलिक हा सरदार येथें उतरला, त्यावरून गांवास हें नांव पडलें असें सांगतात. आपल्या भाषेंतील 'तारीफ'शीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह वाचकांनीं आवरावा.

हल्लीं या गांवाची कीर्ति आहे ती शिडाच्या फळीकरितां. लांबट फळीवर उभें राहून हातांनीं शीड सांवरावयाचें व वाऱ्याच्या जोरावर पाणी कापीत जावयाचें, असा हा खेळ. 1984 पासून तो ऑलिंपिक सामन्यांतहि खेळला जातो. आमच्यासमवेत आलेल्या पुतणीस तो शिकावयाचा होता. पोहणें उत्तम येत असल्यामुळें, समुद्रांत कोठूनहि उतरलें तरी सारखेंच, अशी तिची समजूत होती.

येथें वारे मुख्यतः दोन. पण एका घरांतील दोन जावांप्रमाणें त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न. पूर्वेकडून येतो तो लेवान्ते. उत्तरेस स्पेनचे व दक्षिणेस मोरोक्कोचे डोंगर असल्यामुळें मधली सामुद्रधुनी नरसाळ्यासारखी झाली आहे. तींत सांपडलेला हा वारा अरुंद जागीं दाबला जाऊन भयंकर वेग घेतो आणि पुष्कळदां कित्येक दिवस थांबत नाहीं. जिब्राल्टरच्या खडकावर ढगाची पगडी चढली कीं लेवान्ते सुटला, हें तिकडील लोक ओळखतात.

गांवाच्या वायव्येस लोस लान्सेस नांवाची लांबच लांब पुळण आहे. तिचें तोंड नैर्ऋत्येस. लेवान्ते वाहत असतां तेथील कांठचें पाणी थाळीसारखें सपाट दिसतें, कारण जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यास लाटा उठविण्यास अंतरच मिळत नाहीं. नवशिक्या फसतो तो येथेंच. शीड पडलें, हात थकले, कीं फळी अटलांटिकाकडे वाहूं लागते. आणि जसजसें दूर जावें तसतसा वारा व लाटा वाढतच जातात. कोंकणांतील कोळी पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शिडाच्या होड्या बाहेर काढीत व दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरीं येत; परंतु लेवान्ते सुटला असतां दुपारीं परत आणणारा वारा येईलच असा भरंवसा नाहीं.

"काका, पाणी किती शांत आहे पाहा! आज जाऊं द्या ना," असा पुतणीचा हट्ट चालला होता. आम्ही तिला मूठभर कोरडी वाळू हवेंत सोडावयास सांगितलें. ती सरळ समुद्राकडे उडाली. पोरगी क्षणभर पाहत राहिली व मुकाट्यानें मागें फिरली. मात्र रात्रीं जेवतांना आमच्याशीं बोलली नाहीं.

पुढचे दोन दिवस आम्ही जवळच्या बोलोनिया येथें बेलो क्लाउदिया या रोमन नगराचे अवशेष पाहण्यांत घालविले. मासे खारविण्याचे तेथील हौद अद्याप शाबूत आहेत. वाटेंत वाल्देवाकेरोस लागतें. तेथें लेवान्तेनें वाळूची एवढी टेंकडी रचली आहे कीं शेजारचा रस्ता वरचेवर बुजतो. निष्णात मंडळी त्याच वाऱ्यांत तेथें शिडें घेऊन उतरतात. त्यांची गोष्ट निराळी.

तिसऱ्या दिवशीं पोनिएन्ते आला : पश्चिमेचा, थंड, दमट, बराच एकसारखा. लोस लान्सेसच्या पुळणीवर तो तिरका येतो, आणि शिकणाऱ्यास हाच तिरकेपणा हवा. वारा अगदीं समोरून आला तर लाटा फळी परत कांठावर आणून टाकतात, बाहेर निघतांच येत नाहीं. तिरक्या वाऱ्यानें बाहेरहि जातां येतें आणि पडल्यास माणूस हळूहळू वाळूकडेच येतो. पुतणी किती वेळां पडली तें मोजण्याचें आम्हीं सोडून दिलें. दर वेळीं ती कमरेइतक्या पाण्यांत उभी राहून हंसत असे. सायंकाळच्या सुमारास ती शंभरेक हात सलग गेली. तोंच वारा पूर्वेकडे फिरूं लागला आणि शिक्षकानें सर्व फळ्या वाळूवर ओढून घेतल्या.