मोतीबाग स्टेशनवरचं तिकीट

आमच्या आर्णीला रेल्वे कधी आलीच नाही. आमचं स्टेशन म्हणजे दारव्ह्याचं मोतीबाग. माझे मामा कारंज्याला राहत. दिवाळीनंतर माय मला घेऊन तिकडे कापूस वेचायला जाई. आर्णीहून दारव्ह्यापर्यंत एस.टी. आणि पुढे ‘शकुंतला’. कारंज्याची मोटार समोरून निघून जाई, तरी माय गाडीची वाट पाहत बसे. मी कुरकुर केली की म्हणे, "बस ना बापा. मोटारीचे पैसे वाचले त तुही वही येते."

एकदा डब्यात एका भारदस्त गृहस्थांनी मायला खाली बसायला सांगितलं. मायने पदराची गाठ सोडून तिकीट दाखवलं. "तिकीट तुमचंही एवढंच, माहंही एवढंच," म्हणाली आणि बाकावर बसली. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. समतेचा पहिला धडा मी त्या डब्यात शिकलो.

वाचकहो, ही गाडी आपल्यासाठी सुरू झालेली नव्हती. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, म्हणून इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीच्या कारभारात ही अडीच फुटी लाईन पडली. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर. पुसदचा फाटा दारव्ह्याहूनच निघे. तो फार आधी उखडला गेला. तिचं कोळशाचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 साली बनलेलं. 15 एप्रिल 1994 पर्यंत ते धावलं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, पण ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी सरकार चालवी आणि मोबदला कंपनीला देई. डागडुजीकडे मात्र दुर्लक्ष झालं. पुढे गाडी बंद पडली.

मागे कामानिमित्त दारव्ह्याला गेलो, तेव्हा मोतीबागेत जाऊन आलो. रुळांत गवत वाढलेलं, तिकिटाची खिडकी बंद.

लोक म्हणतात, गाडी फार हळू होती, तोट्यात होती. खरं आहे. पण तिच्यात बसत कोण होतं? शेतमजूर, भाजीवाल्या बाया, शाळेची पोरं. गाडी बंद झाल्याने मोटारसायकलवाल्याचं काही अडलं नाही. अडलं ते ज्यांना दहा रुपयेही मोजून खर्चावे लागतात त्यांचं. तोट्याच्या हिशेबात त्यांचा खर्च कोणी धरला नाही. मी कारकून माणूस, हिशेब मलाही कळतो.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठा रेल्वेमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदकडून जाणार आहे. त्यातला वर्धा ते कळंब टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. आनंदाची गोष्ट आहे. मी मायला ही बातमी सांगितली. तिने एवढंच विचारलं, "त्याले तिकीट किती लागन रे?"

बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न आपण विचारला पाहिजे. लहान स्टेशनवर थांबणारी, साध्या डब्यांची, कमी भाड्याची पॅसेंजर या मार्गावर हवी. ग्रामसभेत तसा ठराव घ्या, निवेदनावर सह्या करा. रूळ पडून वेळापत्रक ठरण्याआधी बोललो तरच उपयोग. नाहीतर गाडी आपल्या शेतावरून जाईल आणि आपण धुऱ्यावर उभे राहून पाहत बसू.